जेवता हात

यंदा धान कापणीला आलं आणि आमच्या घरी उजव्या हाताने जेवायची शिकवणी पुन्हा सुरू झाली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या सुट्टीनंतर. मास्तरीण तीच, विद्यार्थीही तोच, आणि विद्यार्थ्याचा हट्ट तसूभरही कमी झालेला नाही.

सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, यांची खाट टाकलेली असते. समोरच्या रस्त्याने धानाची पोती भरलेले ट्रक राइस मिलकडे जातात, आणि हे डोळे मिटून नुसत्या आवाजावरून निकाल देतात, "सेकंडमंदीच ओढून राहिला लेकाचा. थर्ड टाक ना बे!" सहा महिन्यांमागे यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, वाचा परत आली, पाय ओढत का होईना न्हाणीपर्यंत जातात. पण डावा हात मांडीवर पडून असतो. आणि आमच्या यांचा जेवता हात नेमका तोच.

आमच्या भागात वाटसरूला वाट सांगताना उजवीकडे-डावीकडे कोणी म्हणत नाही. ‘वडापासून जेवत्या हाताले वळजा’ म्हणतात. जेवता हात म्हणजे उजवा, हे सांगायचीही गरज कोणाला वाटत नाही. माझा नवरा मात्र जन्माचा डावखुरा. आमच्या मोहाडीकडच्या भाषेत डेबरा. मागावर बसला तर डाव्या हाताने, कुऱ्हाड धरली तर डाव्या हाताने, आणि घरचं कोणी बघत नसेल तर जेवणही डाव्याच हाताने.

मला ते लग्नातच कळलं. नवरा-नवरीने एकमेकांना घास द्यायचा होता. बायांचा घोळका, नाव घ्या नाव घ्या म्हणून गलका. मी पाठ केलेला उखाणा धाडकन म्हणून टाकला. यांनी बुंदीचा लाडू उचलला आणि हात पुढे केला. डावा. यांच्या आत्याबाईंनी चटकन त्या हातावर चापट मारली, "उजवा, बाबू, उजवा! लगनात तरी!" यांचे कान लाल झाले. लाडू या हातातून त्या हातात जाता जाता निसटणार, तेवढ्यात मी मान पुढे केली आणि डाव्या हातातलाच खाऊन टाकला. बायांनी तोंडाला पदर लावले. "नवरी मोठी खादाड दिसते वो," असंही कोणीतरी म्हणालं. म्हणू दे! मला तो पडता लाडू बघवला नाही. नंतर भटजींनी मला उठवून यांच्या डाव्या अंगाला बसवलं, लग्न लागलं की बायकोची जागा ती, म्हणून. तेव्हा मी त्याकडे लक्षही दिलं नाही, माझं लक्ष त्या लाल कानांकडे होतं.

हळूहळू बाकीचं समजलं. लहानपणी यांची माय जेवताना यांचा डावा हात दुपट्ट्याने पाठीशी बांधून ठेवायची. बाई दुष्ट नव्हती. डेबऱ्या हाताच्या पोराला लोक पंगतीतून उठवतील, ही तिची भीती. पण पोराने ‘डावा’ हा शब्द कधी नुसता ऐकलाच नाही. आधी थप्पड, मग शब्द. त्यामुळे मोठेपणीही कोणी डावा-उजवा म्हटलं की हे क्षणभर गोंधळायचे, मान आत घ्यायचे. पंगतीत बसले की चार घास कसेबसे उजव्या हाताने खाऊन अर्धपोटी उठायचे आणि घरी येऊन मला म्हणायचे, "भात आहे का वो?" मी ताट वाढायची आणि दार लोटून घ्यायची.

ऐंशीच्या आगेमागची ती गोष्ट. यांच्या घरी एकेकाळी चार माग खटखटत होते. मी आले तेव्हा एकच चालू होता, आणि सासूबाई गेल्या त्या वर्षी तोही थांबला. थोरले भाऊ भिवंडीला पॉवरलूमवर निघून गेले. हे गावातच राइस मिलमध्ये लागले, आधी पोती उचलायला, मग शेठजींची जीप चालवायला. जीपच्या लायसनची परीक्षा म्हणजे मैदानात सरळ पुढे आणि सरळ मागे. त्यात डावं-उजवं आलंच नाही, म्हणून निभावलं. पण मिलचा ट्रक चालवणाऱ्या सुकरूभाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि शेठजी यांना म्हणाले, "संक्रांतीपर्यंत हेवी लायसन आण, गाडी तुझी. नाहीतर मी गोंदियाहून डायवर बोलावतो. आणि बाबा, दोन डायवर मला परवडत नाहीत."

त्याच आठवड्यात भिवंडीहून भाऊजींचं पत्र आलं. इकडे ये, माग रिकामा आहे, खोलीत एका माणसाची जागा आहे. एका माणसाची! ते पत्र मी चार वेळा वाचलं. मी गावातल्या शाळेत मास्तरीण, माझी नोकरी सोडून जाता येत नव्हतं, आणि गेले असते तरी त्या खोलीत माझे पाय कुठे मावणार होते? घरात आम्ही दोघंच. मला नवरा मनीऑर्डरीतून नको होता. हे मी त्यांना तोंडाने म्हटलं नाही, पण त्या दिवसापासून वाहतुकीच्या खुणा पाटीवर काढून चुलीपुढे त्यांचा वर्ग घ्यायला लागले.

काय दिवस होते! बांध्यांमधलं, म्हणजे धानाच्या शेतांमधलं, पाणी आटलेलं, धान पिवळं पडून आडवं झालेलं, गावभर कापणीच्या विळ्यांना धार लावायचा आवाज. धान उभं असतानाच त्यात फेकलेली लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, खालून हिरवीगार डोकं काढायची. नव्या तांदळाच्या भाताला असा वास सुटायचा की कालवण नसलं तरी चाले. आणि त्या वासात आमची उजळणी. "हा त्रिकोन कायचा?" "पुढे शाळा आहे." "मग काय कराचं?" "गाडी हळू कराची, अन् मास्तरीन दिसली तं हॉर्न द्याचा." मी छडी उगारायची. विद्यार्थी हसायचा.

गाडी शिकवायचे सुकरूभाऊ. त्यांची भाषाच वेगळी. त्यांच्या शब्दकोशात डावा-उजवा नव्हतेच. उजवी ती डायवर साइड, डावी ती क्लीनरची, म्हणजे किलिंडर साइड. "किलिंडर साइडले दाब! हां, हां, आता डायवर साइड काट!" यांचा हात मुळात चांगला. वर्षानुवर्षं मागावर हातपाय एका तालात चालवलेला माणूस, क्लच आणि गिअर त्याला काय जड? मिलच्या धक्क्याला गाडी अशी उलटी लावायचे की मधे पोतं सरकवायला जागा राहू नये. सुकरूभाऊ मला म्हणाले, "बाई, पास समजा. पेढे आना."

कार्तिकात भंडाऱ्याला परीक्षेचा कॅम्प लागला. नागपूरहून साहेब आले होते. साहेब बाजूला बसले, गाडी निघाली. चढ झाला, उलटी घेणं झालं, सगळं झालं. मग चौकाजवळ साहेब म्हणाले, "राइट घ्या." यांच्या डोक्यात नेहमीचा गोंधळ. गाडीचा वेग कमी झाला, हात थबकला. साहेब बिचारे भले माणूस. त्यांना वाटलं, खेड्यातला आहे, इंग्रजी कळलं नसेल. त्याला समजेल असं सांगू. ते प्रेमाने म्हणाले, "अहो, जेवत्या हाताला घ्या."

झालं! हे एवढ्यासाठीच थांबले होते. जेवता हात कोणता, यात त्यांना आयुष्यात कधी शंका आली नव्हती. बेधडक डावीकडे वळवली गाडी. तिकडे धानाची बंडी उभी होती, बैल बुजले, बंडीवाल्याने यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि साहेबांनी हँडब्रेक ओढला.

"जेवत्या हाताला म्हणालो ना मी?"

"हो साहेब. जेवत्याच हाताले घेतली."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि कागदावर नापास लिहिलं.

संध्याकाळी हे घरी आले, पाय धुतले आणि एवढंच म्हणाले, "नापास." मी ताट वाढलं. ते कितीतरी वेळ ताटाकडे बघत बसले, मग स्वतःच्या हाताकडे. मग हळूच सगळं सांगितलं. आणि माझ्या मेलीच्या तोंडून काय निघावं? हसू! फुटलंच. तेही हसायला लागले. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

"मंग साहेबाले सांगाचं ना, का माहा जेवता हात हा होय म्हनून!"

ते हसायचे थांबले. "कसं सांगू वो? चारचौघात?"

तेव्हा मलाही हसू आवरावं लागलं. पुढचा कॅम्प पौषात, संक्रांतीच्या अलीकडे. एवढीच एक संधी होती. यांनी खुंटीवरचा दुपट्टा काढून माझ्यापुढे धरला. "बांध माहा हात. आता उजव्या हातानं जेवल्याशिवाय मी उठत नाही."

मी बांधला. मी मास्तरीण, शिस्तीची बाई. मला वाटलं, शिकवून होत नाही असं काय आहे जगात? पण तो पंधरवडा मला अजून आठवला की वाईट वाटतं. पाठीशी हात बांधलेला, तिशी गाठलेला माझा नवरा चुलीपुढे बसून भाताचे घास सांडतो आहे. सदऱ्यावर शितं, मांडीवर वरण. मी पुसायला गेले की मान आत घ्यायचे. मी काही बोललेले नसायचे, तरी. मी हात उचलला की त्यांना मायची चापट आठवायची, आणि ते मला दिसायचं. अर्धपोटीच उठायचे. आता घरी येऊन ‘भात आहे का वो’ विचारायचीही सोय राहिली नव्हती, कारण घरच पंगत झालं होतं.

एका दुपारी सुकरूभाऊ तणतणत शाळेच्या फाटकाशी आले. "बाई, काय शिकवून राहिल्या तुमी घरी? होता तेवढाही मानूस बिघडला! आज डायवर साइड म्हटली तं किलिंडर साइडले गेला. मिलचं कुंपन पाडलं!" मी वर्गातल्या पोरांवर उगाच खेकसले. घरी गेले, दुपट्टा चुलीत घातला आणि ओंजळीत तोंड धरून रडले. हे आले, चुलीत बघितलं. त्या दिवशी दार लोटून डाव्या हाताने पोटभर जेवले. भिवंडीच्या पत्राला काय उत्तर द्यायचं, ते दोघांनीही विचारलं नाही. मी रिकामी पत्र्याची पेटी काढून पुसून ठेवली, ते मात्र त्यांनी बघितलं.

मग तो रविवार. तलावापलीकडच्या गावाहून धान आणायला गाडी जाणार होती. सुकरूभाऊ म्हणाले, "बाई, तुमीही चला. लाखोरीची भाजी खुडून आना अन् याले जरा हसवा." ते केबिनीतल्या मागच्या फळीवर आडवे झाले. हे स्टेअरिंगवर, आणि मी खिडकीशी, किलिंडरच्या जागी. जन्मात पहिल्यांदा ट्रकमध्ये बसले होते. केवढी उंच ती जागा! बांध्यांतले पुंजणे, कापलेल्या धानाचे ढीग, वरून घरट्यांसारखे दिसत होते, आणि बायामाणसं विळे थांबवून ट्रकमधली बाई बघत होती. तलावाजवळ आलो तर खालच्या कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी मासे धरणाऱ्या ढीमर लोकांच्या बाया उकडलेले शिंगाडे घेऊन बसलेल्या. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"अजी, माह्या बाजूनं घ्या ना! शिंगाडे घेऊ."

गाडी वळली. थबकली नाही, हात अडला नाही. लोण्यातून सुरी फिरावी तशी डावीकडे वळली आणि बायांपुढे उभी राहिली.

शिंगाडे घेतले. निघताना मी सहज म्हणाले, "आता तुमच्या बाजूनं." गाडी उजवीकडे. मागच्या फळीवरून सुकरूभाऊंचं डोकं वर आलं, "आँ?" माझ्या अंगातली मास्तरीण जागी झाली. "माह्या बाजूनं!" डावी. "तुमच्या!" उजवी. "माह्या! माह्या! तुमच्या!" तलावाच्या पाळीखालच्या मैदानात आम्ही तो ट्रक असा नाचवला की शिंगाडेवाल्या बाया पळून झाडाखाली गेल्या. एकदाही चूक नाही.

गाडी थांबली. मी म्हणाले, "आयका. डावा-उजवा विसरा. जेवता हात तं बिलकुलच विसरा. मी बसली ते लेफ्ट, तुमी बसले ते राइट."

ते विचारात पडले. "अन् साहेबाच्या वेळी तू थोडीच बसशील इथं?"

"लगनात भटजीनं कोन्या अंगाले बसवलं होतं मले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुकरूभाऊ मागे आहेत हे विसरून चांगलं टक लावून पाहिलं. "डाव्या," ते म्हणाले. त्या तोंडून तो शब्द मान आत न घेता आलेला मी पहिल्यांदा ऐकला. मला काय वाटलं ते सांगू? मला वाटलं, ही परीक्षा गेली उडत, मला पावलं.

पण परीक्षा उडत गेली नाही, ती पौषात आलीच. त्या दिवशी मी शाळेत होते आणि फळ्यावर बेरीज लिहून वजाबाकी करत होते. दुपारची सुट्टी झाली, संपली. चौथीची कविता चालू असताना रस्त्यावर हॉर्न वाजला, लांबलचक. सगळा वर्ग खिडकीला चिकटला. मिलचा ट्रक शाळेपुढे, ‘पुढे शाळा आहे’च्या अगदी विरुद्ध, भर रस्त्यात उभा. हे खाली उतरले आणि खिडकीशी येऊन चाळीस पोरांदेखत म्हणाले, "पास!"

"हळू बोला. वर्ग चालू आहे," मी म्हणाले. आणि फळ्याकडे तोंड केलं, कारण डोळे भरून आले होते आणि पोरांपुढे मास्तरणीने रडू नये.

घरी सगळं सविस्तर ऐकलं. साहेब तेच होते. त्यांनी यांना ओळखलं आणि या खेपेला सावधपणे नुसतं लेफ्ट-राइट म्हणत गेले. हे प्रत्येक वळणाला ओठातल्या ओठात पुटपुटायचे, "तिची... माही... माही... तिची." शेवटी साहेबांना राहवलं नाही. "अहो, तिची तिची काय लावलंय? कोण ती?"

"मास्तरीनबाई, साहेब," हे म्हणाले, आणि घाबरून सगळंच सांगून टाकलं. डेबरा हात, जेवता हात, भटजी, शिंगाडे. साहेब पोट धरून हसले. मग सही करता करता गंभीर झाले आणि म्हणाले, "मागच्या वेळीच सांगायचं होतं हो." मला त्या माणसाचं नाव माहीत नाही, पण दर संक्रांतीला एक तिळाचा लाडू मी मनातल्या मनात त्यांना देते.

"पन सांगू का तुले," हे त्या दिवशी जेवताना म्हणाले, "साहेबाच्या जागी मले तूच दिसत होती. मिशीसकट."

भिवंडीला मीच उत्तर लिहिलं. खोलीतली जागा दुसऱ्या कोणाला तरी द्या. पेटीत नव्या तांदळाचे पोहे भरून ठेवले.

पुढे तीस वर्षं यांनी ट्रक चालवला. साकोलीच्या पुढे जंगलातून, कुठून कुठून धान आणलं, तांदूळ नेला, आणि बहुतेक रोज संध्याकाळी घरी. आमच्या घरातून डावा-उजवा हे शब्द हद्दपार झाले. चष्मा कुठं आहे? तुह्या बाजूच्या फळीवर. नळ गळतो तो? माह्या बाजूचा. पाहुण्यांना वाटायचं, नवरा-बायकोने घर वाटून घेतलं आहे.

आणि आता हे. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणते, "आजोबा, डावा हात उचला," आणि हे छताकडे बघतात. जेवायच्या वेळी मी त्यांच्या उजव्या अंगाला बसते, मनगटाखाली हात धरते, म्हणजे घास तोंडापर्यंत पोचतो. रोज शितं सांडतात. सदऱ्यावर, मांडीवर, थेट तेव्हासारखी. फरक एवढाच की आता मी पुसते आणि ते मान आत घेत नाहीत.

काल नव्या तांदळाचा पहिला भात केला. रस्त्याने धानाचा ट्रक गेला, त्याची चूक काढून झाली. मी घास धरला तर यांनी तोंड मिटून घेतलं.

"काहून तिकडे बसली वो?"

"घास सांडते ना. हात धराले बसली."

"ते माही बाजू होय."

"असू द्या आता. त्या बाजूनं तुमाले काही समजते का? मी बसली का नाही, कसं कळन?"

"तू बस तं खरी."

त्यांच्या हट्टापुढे कोणाचं चाललं आहे? ताट ठेवलं, खाटेला वळसा घालून डाव्या अंगाला जाऊन बसले. तो निर्जीव हात उचलून माझ्या मांडीवर घेतला. त्यांना कळलं की नाही, देव जाणे. त्यांनी एकट्याने उजव्या हाताने भात कालवला. सावकाश, पाचही बोटं एकेक करून मिटली आणि घास उचलला. तो तोंडाकडे गेला नाही, छातीवरून इकडे, माझ्याकडे आला.

"घे," ते म्हणाले. "आत्याबाईनं सांगितला होता, उजव्या हातानं. राहूनच गेला."

शितं गळायला लागली होती. घास पडायच्या आत मी मान पुढे केली.